रंगाची साक्ष किती खरी?

रंग पाहून पदार्थाची पारख करायची आपल्याला सवय असते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत नेमका याच सवयीचा फायदा घेतला गेला. तेथील बर्बन व्हिस्की मुख्यतः मक्यापासून गाळतात व आतून जाळलेल्या ओकच्या पिंपांत मुरवतात. तिचा तांबूस रंग लाकडातून उतरतो. लाकडातल्या लिग्निनपासून बनणारे व्हॅनिलीन तिला गंध देते. पण याला वर्षे लागतात. म्हणून काही व्यापारी साध्या मद्यार्कात रंग व स्वाद मिसळून तोच बर्बन म्हणून विकत.

३ मार्च १८९७ रोजी यावर कायदा झाला. एकाच उत्पादकाने एकाच हंगामात गाळलेले, सरकारी देखरेखीखालच्या गोदामात किमान ४ वर्षे मुरलेले आणि ५० टक्के अल्कोहोल असलेले मद्यच ‘बॉटल्ड इन बाँड’ ठरू लागले. इतक्या तीव्रतेने नाक झोंबते. म्हणून जाणकार थोडे पाणी घालून गंध घेतात.

चव उत्तम असल्याची हमी मात्र या कायद्याने दिली नाही. काळ, ठिकाण, प्रमाण एवढ्याच तपासता येणाऱ्या गोष्टींची दिली. कोणतेही लेबल वाचताना आपणही हेच विचारावे : यातले तपासता येण्याजोगे काय?