स्वस्त तिकीट, एक न्यायाधीश आणि व्हिक्टोरिया स्टेशनातली रांग

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की सुट्टीच्या दिवसांत इतिहासाचं थोडं हलकंफुलकं काहीतरी होऊ द्या की! म्हटलं, होऊ द्या. घरात सध्या एकच विषय चालू आहे. मे महिन्यात लंडनला जायचं. मी, नवरा आणि नऊ वर्षांचा मुलगा. गेला महिनाभर रोज रात्री जेवणं झाली की मी लॅपटॉप उघडते आणि तिकिटांचे दर बघते. काल होता तो दर आज नसतो. एकाच विमानात शेजारी बसलेल्या दोघांनी वेगवेगळे पैसे भरलेले असतात. मी वैतागून मामांना फोन केला. मामा 1970 पासून लंडनमध्ये आहेत, आणि निम्मं आयुष्य तिथल्या बसमध्ये कंडक्टर होते.

ते हसले. म्हणाले, "अगं, दर रोज बदलतात म्हणून तू रडतेस. आमच्या वेळी ते बदलायचेच नाहीत. तेच तर दुखणं होतं."

आजचा भाग या वाक्यावर आहे.

1945 च्या एप्रिलमध्ये हवानाला जगभरच्या विमान कंपन्यांनी मिळून आयाटा नावाची संघटना काढली. वेळापत्रकं, तिकिटांचे नमुने, एका कंपनीच्या तिकिटावर दुसऱ्या कंपनीने पुढे नेणं, अशी खूप उपयोगाची कामं तिने केली. आपले जेआरडी टाटा 1958 मध्ये तिचे अध्यक्ष झाले होते. पण तिचं आणखी एक काम होतं. कंपन्या परिषदेत बसून भाडं ठरवायच्या आणि सरकारं त्यावर मोहोर उठवायची. कुठल्याही कंपनीचं तिकीट काढा, पैसे तेवढेच. मग गिऱ्हाईक ओढायचं कशाने? जेवणाने! 1958 मध्ये अटलांटिकवर स्वस्त इकॉनॉमी वर्ग सुरू झाला. त्यात फक्त साधं, थंड सँडविच द्यायचं असा करार होता. काही युरोपीय कंपन्यांनी उघड्या पावावर मांस, मासे, चीज रचून भरपेट जेवणच द्यायला सुरुवात केली. अमेरिकी कंपनीने तक्रार केली, आणि सँडविच कशाला म्हणावं यावर मोठमोठी माणसं एकत्र बसली. स्कँडिनेव्हियन कंपनीला 20,000 डॉलर दंड झाला. हे मी रचून सांगत नाहीये, बरं का.

या नियमांतून सुटायच्या दोन वाटा होत्या. एक म्हणजे आइसलँडची लॉफ्टलीडिर कंपनी. ती आयाटात नव्हती. न्यूयॉर्कहून आइसलँडला थांबत लक्झेंबर्गला न्यायची. वेळ जास्त, पैसे कमी. पाठीवर पिशवी घेतलेल्या पोरांनी ती विमानं भरायची, म्हणून तिला हिप्पी एअरलाइनच म्हणायचे. दुसरी वाट म्हणजे चार्टर. एखाद्या मंडळाने आपल्या सभासदांसाठी अख्खं विमान भाड्याने घेतलं तर ते स्वस्तात चालायचं. अट अशी, की मंडळ प्रवासासाठी काढलेलं नसावं आणि प्रवासी निदान सहा महिने सभासद असावा. पुढे काय झालं असेल ते तुमच्या लक्षात आलंच असेल. ज्यांनी आयुष्यात कुंडी लावली नाही ती माणसं फुलझाडांच्या मंडळाची सभासद झाली. जुन्या तारखेची ओळखपत्रं निघाली. 1971 मध्ये गॅटविक विमानतळावर 'लेफ्ट हँड क्लब' नावाच्या डावखुऱ्यांच्या मंडळाचे प्रवासी सरकारी तपासनिसांनी अडवले. न्यूयॉर्कच्या विमानात चढायला निघालेल्या लोकांना तुम्ही सभासद कधी झालात, हे विचारत होते.

ते विमान फ्रेडी लेकर या माणसाच्या कंपनीचं होतं. लेकर दुसऱ्या महायुद्धातला जुना माल विकून विमानाच्या धंद्यात वर आलेला माणूस. त्या तपासण्यांनी त्याचं डोकं फिरलं, असं तो पुढे सांगायचा. त्याच वर्षी त्याने परवाना मागितला. मंडळ नको, सभासद नको, आरक्षणही नको. आगगाडीसारखं यायचं, तिकीट काढायचं, बसायचं. जेवण हवं असेल तर विकत घ्यायचं. नाव स्कायट्रेन.

परवाना मिळालाही, 1972 मध्ये. पण विमान उडायला आणखी पाच वर्षं गेली. मधल्या काळात सरकार बदललं, आणि नवीन सरकारच्या मंत्र्यांनी ठरवलं की अटलांटिकवर सरकारी कंपनीला स्पर्धा नको. त्यांनी परवाना देणाऱ्या संस्थेला तशी सूचना काढली. लेकर कोर्टात गेला. डिसेंबर 1976 मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला, की मंत्र्यांची सूचना संसदेने केलेल्या कायद्याच्या बाहेर जाते, म्हणून ती चालणार नाही. निकाल देणारे लॉर्ड डेनिंग. हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहे.

26 सप्टेंबर 1977. गॅटविकहून न्यूयॉर्ककडे पहिली स्कायट्रेन. 345 आसनांचं डीसी-10 विमान आणि भाडं 59 पौंड. इतरांच्या नेहमीच्या भाड्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात.

इथे आमचे मामा येतात. 1978 चा उन्हाळा. थोरले मामा न्यू जर्सीत होते आणि दोघा भावांची आठ वर्षं गाठ नव्हती. मामांनी दहा दिवस रजा काढली आणि व्हिक्टोरिया स्टेशनजवळच्या तिकीट खिडकीवर गेले. रांग फुटपाथवर पसरलेली. लोक स्लीपिंग बॅग घालून झोपलेले, कोणी गिटार वाजवतंय, कोणी स्टोव्हवर चहा करतंय. मामांनी एक रात्र आणि अर्धा दिवस काढला. पुढे उभ्या असलेल्या आयरिश बाईने त्यांची जागा धरली आणि ते तोंड धुऊन आले. "आपल्या एसटी स्टँडवर दिवाळीत असते ना, तशी गर्दी," असं ते अजून सांगतात. "फक्त खिडकीतून रुमाल टाकायची सोय नव्हती."

मी म्हटलं, "मामा, मग तेव्हा सांगलीला का नाही आलात स्वस्तात?"

थोडा वेळ फोनवर काही आवाज नव्हता.

भारताकडे स्कायट्रेन कधीच आली नाही. लंडन-मुंबईचं भाडं ठरलेलं ते ठरलेलं. मामा 1970 मध्ये निघाले तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या पी फॉर्मशिवाय तिकीट निघत नव्हतं, आणि ते उतरले ते खिशात तीन पौंड घेऊन. 1974 मध्ये आजी गेली. तार पोचली तेव्हा अंत्यविधी होऊन गेला होता. येण्याजाण्याचं अधिकृत भाडं म्हणजे कंडक्टरचा जवळजवळ तीन महिन्यांचा पगार. मग एकच वाट उरली, बकेट शॉप. त्या काळात लंडनमध्ये ही दुकानं बरीच होती. जिना चढून वर जायचं, एक टेबल, एक फोन, भिंतीवर एखादं पोस्टर. कंपन्यांची विमानं रिकामी जायची. ठरलेल्या भाड्याखाली उघडपणे विकायची सोय नाही, म्हणून त्या रिकाम्या जागा मागच्या दाराने दलालांना द्यायच्या. बहुतेक तिकिटं फिरून जाणाऱ्या मार्गांची. मॉस्कोहून, बगदादहून, कैरोहून. मामांना दमास्कसमार्गे मिळालं, निम्म्या पैशांत. पण चार दिवसांनंतरचं. उधारी गोळा करण्यात त्याआधीच काही दिवस गेले होते. मामा घरी पोचले ते बाराव्याला. आई सांगते, की ते बॅग खाली न ठेवताच ओसरीवर उभे होते.

मी हे घरात कित्येकदा ऐकलं होतं. पण ते नेहमी 'मामाला सुट्टी मिळाली नाही' असं ऐकलं होतं. तिकिटाचं मला या महिन्यात कळलं.

असो. विमानातून उतरल्यावर शहरात फिरायचं कसं, हा माझ्या वहीतला दुसरा प्रश्न. तोही मामांच्या हद्दीतला.

मे 1981 मध्ये ग्रेटर लंडन कौन्सिल, म्हणजे तिथली महानगरपालिकाच समजा, मजूर पक्षाकडे आली आणि केन लिव्हिंगस्टन नेते झाले. ऑक्टोबरमध्ये त्यांनी बस आणि भुयारी रेल्वेचं भाडं सुमारे एक तृतीयांश उतरवलं. पैसे घरपट्टीसारख्या करातून उभे करायचे. मामा म्हणतात, आठवड्याभरात बसमध्ये नवीन चेहरे दिसायला लागले. एक म्हाताऱ्या बाई रोज दोन स्टॉप जायच्या, का तर आता परवडतं म्हणून. पण लंडनच्या दक्षिण टोकाला ब्रॉम्ली नावाचा भाग आहे. तिथे भुयारी रेल्वे जातच नाही. तिथल्या कौन्सिलने विचारलं, आमच्या लोकांनी यासाठी कर का भरायचा? आणि दावा लावला. तसा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता, हे मामाही मान्य करतात.

नोव्हेंबर 1981 मध्ये अपील न्यायालयाचा निकाल लागला. भाडेकपात बेकायदा. निकाल देणारे तेच लॉर्ड डेनिंग! निवडणुकीचा जाहीरनामा म्हणजे वेदवाक्य नव्हे, करदात्यांच्या पैशांचा विचारही कौन्सिलने करायला हवा होता, असा एकूण रोख. डिसेंबरमध्ये वरच्या पाच न्यायाधीशांनी तोच निकाल कायम केला. मार्च 1982 मध्ये भाडं जवळजवळ दुप्पट झालं. प्रवासी भांडायचे ते कंडक्टरशी. "लॉर्डसाहेब थोडेच बसमध्ये येणार होते," मामा म्हणाले.

पाच वर्षांत एकाच न्यायाधीशाने विमानाचं भाडं खाली यायला वाट करून दिली आणि बसचं रोखलं. त्यांच्या दृष्टीने त्यात विसंगती नसणार. दोन्हीकडे त्यांनी सत्तेवर बसलेल्यांना कायद्याच्या मर्यादेत रहा असंच सांगितलं. मला मात्र वाटतं, की पाच वर्षांनी एकदा विमानात बसणाऱ्यापेक्षा रोज दोनदा बस पकडणाऱ्याचा प्रश्न मोठा होता.

त्याच हिवाळ्यात लेकरचाही शेवट झाला. विमानांचं कर्ज डॉलरमध्ये आणि कमाई पौंडात, वर पौंड घसरला. मोठ्या कंपन्यांनी आपलं भाडं त्याच्या भाड्याइतकं खाली आणलं. 5 फेब्रुवारी 1982 ला कंपनी बुडाली. लोकांनी त्याला वाचवण्यासाठी वर्गणीसुद्धा पाठवली, पण ती कुठवर पुरणार! नंतर त्या मोठ्या कंपन्यांवर खटला झाला आणि 1985 मध्ये कोर्टाबाहेर मिटला.

लंडनच्या बसचं पुढे बरं झालं. मे 1983 मध्ये कायद्यात बसेल अशी नवी भाडेकपात आली आणि तिच्याबरोबर ट्रॅव्हलकार्ड. एकाच पासावर बस आणि भुयारी रेल्वे, शहराचे झोन पाडलेले. आज आपण तिथे बँकेचं कार्ड टेकवून फिरतो आणि दिवसाचं भाडं एका मर्यादेवर थांबतं, त्याचं मूळ तिथलं.

तर आता आमचा बेत. शाळेची सुट्टी मेमध्ये हे आपलं नशीब चांगलं. तिकडच्या शाळांना मोठी सुट्टी जुलै अखेरीपासून, तेव्हा दर चढतात. मात्र मेच्या शेवटच्या आठवड्यात त्यांचीही छोटी सुट्टी असते, म्हणून आम्ही वीस तारखेच्या आत परततोय. तिकीट मध्ये एक थांबा असलेलं घेतलं. आखातातला पाच तासांचा मुक्काम, पण तिघांचे मिळून बरेच पैसे वाचले. बसमध्ये रोख पैसे 2014 पासून चालत नाहीत. प्रत्येक मोठ्या माणसाचं कार्ड वेगळं लागतं, आणि दिवसभर एकच कार्ड टेकवायचं, नाहीतर ती मर्यादा धरली जात नाही. आपल्या कार्डावर परकीय चलनाचा अधिभार किती आहे ते निघण्याआधी बँकेला विचारा. अकरा वर्षांखालचं मूल मोठ्यांबरोबर भुयारी रेल्वेत फुकट, त्यामुळे चिरंजीव खूश आहेत.

मामा आता कुठे राहतात माहितीये? ब्रॉम्लीत. ज्येष्ठांच्या फुकट पासावर सगळ्या लंडनभर फिरतात. तो पासही 1973 मध्ये त्याच ग्रेटर लंडन कौन्सिलने काढलेला. पहिल्या दिवशी व्हिक्टोरियाला भेटायचं ठरलंय. जिथे रांग होती ती जागा ते आम्हाला दाखवणार आहेत. मी म्हटलं, सकाळी आठला येऊ का? तर म्हणाले, "छे, आगगाडीत माझा पास साडेनऊनंतर चालतो. दहाला ये."