हमाम ते बंब : खान्देशातील गरम पाण्याची गोष्ट

१/९
वरणगावचा उन्हाळा पारा ४५ अंशांपर्यंत नेतो. तरीही पौष-माघाच्या पहाटे तेथे आंघोळीला गरम पाणी लागतेच. घर तापवण्याची गरज नाही, पाणी तापवण्याची आहे. खान्देशातील उष्णतेच्या व्यवस्थेचा इतिहास या एका फरकात सामावला आहे.

२/९
वरणगावहून मुक्ताईनगरमार्गे ईशान्येस गेल्यावर बऱ्हाणपूर लागते. आज ते मध्य प्रदेशात आहे. पूर्वी ती खान्देशच्या फारुकी सुलतानांची राजधानी होती. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि खान्देश मुघलांचा सुभा झाला.

३/९
तापीकाठच्या शाही किल्ल्यात त्या काळचा हमाम आजही उभा आहे. त्याच्या छतावर रंगीत चित्रकाम आहे. शहाजहानने तो मुमताज महलसाठी सजवला, असे परंपरा सांगते. मुमताजचा मृत्यूही १६३१ मध्ये याच शहरात झाला.

४/९
मुघल हमामांची रचना सर्वसाधारणपणे अशी : कपडे उतरवण्याचे दालन, कोमट दालन आणि उष्ण दालन. भट्टीवर पाणी तापे, तर भट्टीची धग फरशीखालच्या पोकळीतून फिरे. रोमन स्नानगृहांतही हेच तत्त्व होते. म्हणजे एकच आग पाणी आणि खोली दोन्ही तापवी.

५/९
अशा इमारतीला अखंड पाणी, अखंड सरपण आणि अखंड मनुष्यबळ लागे. बऱ्हाणपूरला पाणी पुरवणारा कुंडी भंडारा १६१५ च्या सुमारास अब्दुल रहीम खानखानानच्या काळात उभा राहिला. सातपुड्याच्या पायथ्याचे भूजल भुयारांतून, केवळ उताराच्या बळावर, शहरात येई. हे राजसत्तेलाच परवडणारे होते.

६/९
सामान्य घराने वेगळा मार्ग निवडला : तांब्याचा बंब. मधोमध उभी नळी, तिच्यात विस्तव, नळीभोवती पाणी, खाली जाळी आणि राख. रशियातील समोवारचे तत्त्वही हेच. आग पाण्याच्या पोटात असल्याने धग वाया कमी जाते.

७/९
हिशेब सोपा आहे. २० लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला ५०० किलोकॅलरी उष्णता लागते. तेवढ्यासाठी खोली तापवण्याचे कारण नाही.

८/९
सरपणही शेतातलेच : कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या, गोवऱ्या. पण ते वेचणे, वाळवणे आणि पहाटे धुरात विस्तव पेटवणे हे काम बहुधा घरातील स्त्रियांच्या वाट्याला आले. हमामात जे श्रम नोकरांचे होते, ते येथे सुना-लेकींचे झाले.

९/९
गीझरने तो धूर घरातून घालवला. ५०० किलोकॅलरी म्हणजे विजेचे अर्ध्या युनिटाहून थोडे अधिक. मात्र आग विझलेली नाही. ती वरणगावशेजारच्या दीपनगरसारख्या औष्णिक केंद्रांत गेली आहे. तेथे पुन्हा एकच मोठी भट्टी अनेकांसाठी कोळसा जाळते. सोय निवडताना प्रश्न तोच उरतो : पाणी कोण तापवतो, आणि धूर कोणाच्या वाट्याला येतो?