आगळाची बरणी

मालवणच्या किनाऱ्यावर पाऊस उंबरठ्याशीं आला कीं रातांबे फोडण्याची एकच घाई उडते. बिया काढून सालींस मीठ चोळावें, सुटलेला लालभडक रस बरणींत भरावा, कीं झालें आगळ. तें वर्षभर टिकतें, एवढें आमच्या आज्यांस अनुभवानें ठाऊक होतें.

निकोला आपेर या फ्रेंच हलवायाचीही गोष्ट निराळी नव्हती. बुचबंद बाटल्या उकळत्या पाण्यांत ठेवून अन्न टिकविण्याची रीत त्यानें १८१० सालीं प्रसिद्ध केली, सरकारचे बारा हजार फ्रँक मिळविले; पण कारण त्यासही सांगतां येईना. जंतूंचा उलगडा पाश्चरनें केला तो अर्धें शतक लोटल्यावर!

१९४५ सालीं अमेरिकेंत पर्सी स्पेन्सरनें मायक्रोवेव्हनें अन्न शिजविण्याच्या युक्तीचें पेटंट मागितलें. आज ती भट्टी घरोघर आहे, आणि एखाददुसरी बरणी तींत तापवून झांकण लावून ठेवावी असा मोह सहज होतो. पण तींत बरणी सर्वत्र सारखी तापत नाहीं. एके ठिकाणीं उकळी, तर दुसरीकडे कोंबट. आगळ तरतें तें आपल्या आंबटपणावर व मिठावर. त्याच रीतीनें बांगड्याचें कालवण बंद केलें, तर हवेवांचून वाढणारा बोट्युलिनमचा जंतु आंत विष करूं शकतो. त्याचें बीज साध्या उकळीसही दाद देत नाहीं, आणि विषास वास नसतो. किनाऱ्यावर बांगडा खारवून उन्हांत वाळविण्याची चाल पडली ती उगाच नव्हे.