बूट-संहिता आणि मेमरीचा सीमानियम

प्रोसेसरने मेमरीतून चार बाइटांची राशी एकदम उचलावयाची असेल, तर तिचा पत्ता ४ ने निःशेष भागला जावा; आठ बाइटांची असेल, तर ८ ने. या बंधनास प्रस्तुत टिपणात ‘सीमानियम’ म्हटले आहे. हा नियम इतिहासजमा झाला, असा समज विद्यार्थ्यांत बराच रूढ आहे. परंतु कर्नलच्या बूट-संहितेत, म्हणजे यंत्र चालू झाल्यापासून कर्नल स्थिरावेपर्यंत चालणाऱ्या आज्ञावलीत, तो अद्याप जिवंत आहे.

आयबीएमच्या सिस्टिम/३६० मालिकेत (१९६४) अर्धशब्द, शब्द व द्विशब्द यांस अनुक्रमे २, ४ व ८ बाइटांची सीमा आवश्यक होती. (येथील ‘शब्द’ वैयाकरणांचा नव्हे, ठराविक रुंदीचा बाइटांचा गट, एवढाच त्याचा अर्थ.) सिस्टिम/३७० मध्ये (१९७०) बंधन सैल झाले, पण ते सामान्य आज्ञांपुरतेच. मोटोरोलाचा ६८००० (१९७९) विषम पत्त्यावरील शब्द साफ नाकारी; ६८०२० ने (१९८४) तो चालवून घेतला. इंटेलच्या ८०८६ ने (१९७८) तर प्रारंभापासूनच मुभा दिली होती. आर्मच्या जुन्या प्रोसेसरांची तऱ्हा मात्र निराळी. ते तक्रार न करता बाइटांचा क्रम फिरवून भलतीच राशी हाती देत. उघड नकारापेक्षा ही मूक चूक अधिक घातक, हे सांगणे नकोच. आर्म रचनेच्या सहाव्या आवृत्तीपासून तेथेही मुभा आली.

तथापि ही मुभा सशर्त आहे, आणि प्रश्नाचे मूळ तेथेच आहे. २०११ साली जाहीर झालेल्या ६४-बिट आर्म रचनेत सीमाभंग क्षम्य ठरतो तो केवळ ‘सामान्य’ प्रकारच्या मेमरीत. आणि कोणती मेमरी सामान्य, हे पृष्ठतक्ते ठरवितात. मेमरी-व्यवस्थापन एकक सुरू होईपर्यंत सर्व राशी जणू उपकरणाच्याच मेमरीत आहेत असे प्रोसेसर मानतो, व तेथे सीमाभंग केल्यास अपवाद उठतो. सीमातपासणीचा नियंत्रक बिट बंद असला तरीही हेच घडते. अर्थात मुभा ही पृष्ठतक्त्यांची देणगी होय, आणि बूट-संहितेचा आरंभीचा भाग ते तक्ते तयार होण्यापूर्वीच चालतो.

या परिस्थितीत २०१२ साली जीसीसी कंपायलरची ४.७ ही आवृत्ती आली. तत्पूर्वी ‘पॅक्ड’ म्हणून घोषित केलेल्या रचनेतील क्षेत्र आर्मवर तुकड्यातुकड्यांनी वाचले जाई. आता मुभा गृहीत धरून एकाच आज्ञेने वाचले जाऊ लागले. यू-बूट या बूटलोडरच्या लेखी धोरणात याचे मार्मिक उदाहरण आहे : फलनात घोषित केलेली, आरंभमूल्य असलेली साधी अक्षर-सरणी. तिचा मजकूर कंपायलर शब्दशः (यंत्राच्या अर्थाने!) उचलतो, आणि मूळ मजकूर सीमेवर असेलच असे नाही. येथे प्रोग्रामकाराने कोणताच नियम मोडलेला नसतो. ‘पॉइंटरची चूक’ हे सरसकट निदान म्हणूनच मला मान्य नाही. चूक कंपायलरच्या परिस्थितीविषयक गृहीतकात असते.

निदानही सोपे नाही. अपवादांचे तक्ते व कन्सोल अद्याप सिद्ध नसल्यास यंत्र केवळ मुके होते. तक्ते असल्यास राशिवाचनाच्या अपवादात दोषसंकेत षोडशमान २१ आढळतो, व दोष-पत्त्याच्या रजिस्टरात नेमका पत्ता मिळतो. तो ८ ने न भागला जाणारा दिसला, की डिव्हाइस ट्रीकडे वळावे. लिनक्सच्या नियमाप्रमाणे त्याचा आरंभ ८ बाइटांच्या सीमेवर असतो, परंतु आतील मूल्यांस केवळ ४ ची सीमा लाभते. त्यामुळे ६४-बिट मूल्य थेट वाचणारी संहिता कधी चालते, तर कधी कोसळते.

उपायांपैकी ‘स्ट्रिक्ट अलाइन’ हा कंपायलरचा पर्याय केवळ आरंभीच्या फायलींस लावणे मला अधिक युक्त वाटते. तो सर्वत्र लावल्यास नंतरच्या संहितेचा वेग विनाकारण घटतो. हाताने वाचावयाचे तर बाइट सुटे घेऊन सरकवून जोडावेत. मेमकॉपीचा आश्रय मात्र जपून घ्यावा. तिची ६४-बिट आर्मवरील वेगवान रूपे स्वतःच सीमाभंग करतात, आणि आकार ठाऊक असल्यास कंपायलर तिच्या जागी पुन्हा तीच एकटी आज्ञा घालू शकतो.