दार तुटतं तेव्हा कॅमेरा कुठं असतो?

आपल्या जिल्ह्यात असे कितीतरी लोक आहेत ज्यांनी आयुष्यात पोलीस ठाण्याची पायरी चढलेली नाही. पण 'फॉरेन्सिक रिपोर्ट', 'कॉल डिटेल्स', 'लास्ट लोकेशन' हे शब्द त्यांना तोंडपाठ आहेत. उमरग्याच्या बसस्टँडवर नाहीतर कळंबच्या बाजारात एखाद्या गुन्ह्याची बातमी निघाली की चहा संपायच्या आत तपास पूर्ण होतो आणि शिक्षाही सुनावली जाते. हे शिक्षण शाळेत झालेलं नाही, टीव्हीसमोर झालेलं आहे. म्हणून आज पोलिसांच्या मालिकांवर लिहितोय. करमणूक म्हणून त्या चांगल्या की वाईट, हा मुद्दा नाही. पोलिसाकडं आणि संशयिताकडं बघायची आपली नजर त्यांनी कशी घडवली, हा आहे.

सुरुवात मराठीपासूनच करू. ऐंशीच्या दशकात मुंबई दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' लागायची. नावच पोलीस कंट्रोल रूमच्या फोन नंबरचं. आता तो नंबर ११२ झालाय, पण त्या काळी १०० म्हटलं की पोलीस, एवढं लहान लेकरालाही कळायचं. दिग्दर्शक बी. पी. सिंग. हा माणूस दूरदर्शनमध्ये कॅमेरामन म्हणून काम केलेला. त्याच मालिकेत शिवाजी साटम होते. सिनेमातला पोलीस तोवर एकतर शेवटी जीप घेऊन येणारा, नाहीतर दहा जणांना लोळवणारा. इथं पोलीस चौकशी करत होते, कागद बघत होते, चुकत होते, पुन्हा फिरत होते. बघणाऱ्याला वाटलं, हे खरं आहे.

१९८९ साली 'उडान' आली. कविता चौधरींनीच लिहिलेली, दिग्दर्शित केलेली, आणि कल्याणी सिंगची मुख्य भूमिकाही त्यांचीच. आधार होता त्यांच्या बहिणीच्या, कांचन चौधरी भट्टाचार्य यांच्या आयुष्याचा. याच कांचन चौधरी पुढं २००४ मध्ये उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या, देशातल्या पहिल्या महिला महासंचालक. 'उडान'ची गोष्ट ठाण्याच्या आतून सुरू होत नाही. ती अन्यायानं गांजलेल्या घरातून सुरू होते, आणि त्या घरातली मुलगी पुढं वर्दी घालते. ही वाट पुढच्या मालिकांनी जवळजवळ सोडूनच दिली.

मग २१ जानेवारी १९९८ ला सोनी टीव्हीवर 'सीआयडी' सुरू झाली. पुन्हा बी. पी. सिंग आणि पुन्हा शिवाजी साटम, आता एसीपी प्रद्युम्न म्हणून. २०१८ पर्यंत दीड हजारांहून जास्त भाग झाले, आणि २०२४ च्या डिसेंबरात मालिका परत आली. २००४ मध्ये त्यांनी १११ मिनिटांचा एक भाग एकाही कटशिवाय, सलग एका शॉटमध्ये चित्रित केला. लोक 'सीआयडी'ला हसतात, पण तिनं आपल्या डोक्यात काय बसवलं ते बघा. डॉ. साळुंखे नमुना हातात घेतात आणि पुढच्या प्रसंगात उत्तर तयार. प्रत्यक्षात आपल्या जिल्ह्यातल्या गुन्ह्याचा नमुना सीलबंद होऊन प्रादेशिक न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो, रांगेत थांबतो, आणि अहवालाची वाट बघत वकील पुढची तारीख घेतात. मालिकेत दयाच्या एका लाथेत दार तुटतं. खऱ्या झडतीत आधी पंच शोधावे लागतात. आणि बहुतेक भागांच्या शेवटी एक चापट बसते नि आरोपी घडाघडा बोलायला लागतो.

२००३ मध्ये आलेल्या 'क्राइम पेट्रोल'नं खरेपणाची पद्धतच बदलली. सत्य घटनेवर आधारित, नावं बदललेली, पडद्याखाली गावाचं नाव नि तारीख, हलता कॅमेरा, साधी घरं, ओळखीचे नसलेले नट, आणि मध्येमध्ये येऊन आपल्याशी बोलणारा सूत्रधार. 'सीआयडी' बघताना आपल्याला माहीत असतं की हे नाटक आहे. इथं मात्र आपण शेजारच्या गल्लीतली बातमी बघतोय असं वाटतं, आणि सूत्रधार सांगतो की यातून काय शिकायचं.

ही पद्धत आपल्याकडं जन्मलेली नाही. अमेरिकेत जॅक वेब नावाच्या नटानं १९४९ साली रेडिओवर आणि १९५१ पासून टीव्हीवर 'ड्रॅग्नेट' आणली. गोष्टी लॉस एंजेलिस पोलिसांच्या फायलींतल्या, भाषा कोरडी, सरकारी कागदासारखी, नावं बदललेली. लोकांना हे इतकं खरं वाटलं की पोलीस म्हणजे असाच, हे अमेरिकेत ठरून गेलं. पण फायली पोलीस खात्यानं दिलेल्या होत्या आणि पटकथाही खात्याच्या नजरेखालून जायच्या. खात्याला न आवडणारी गोष्ट त्यात येणार कुठून?

सत्तर वर्षांनंतर आपल्याकडं 'दिल्ली क्राइम' आली, २०१९ मध्ये. पुढच्याच वर्षी तिला आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला. मालिका उत्तमच आहे. थकलेले अधिकारी, गाड्यांना पेट्रोल नाही, घरी जायला वेळ नाही, सगळं पटतं. पण तिचीही सामग्री आली ती पोलिसांच्या कागदपत्रांतून, त्यामुळं आपण सगळी रात्र पोलिसांच्या गाडीत बसूनच बघतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. माहिती जिथून येते, नजर तिथलीच होते. कॅमेरा हलता ठेवून, पडद्याखाली तारीख टाकून, नट साधे घेऊन खरेपणा आणता येतो. पण कॅमेरा कुणाच्या खांद्यावर आहे हे त्यानं बदलत नाही, उलट झाकलं जातं. तपशील जितका खरा, तितका आपल्याला प्रश्नच पडत नाही की ही गोष्ट कोण सांगतंय. दार तुटतं तेव्हा कॅमेरा नेहमी बाहेर, पोलिसांच्या मागं असतो. आत कोण बसलंय, त्यांना ती लाथ कशी ऐकू आली, ते दिसत नाही.

आतली बाजू मराठीत कुणीच सांगितली नाही असं नाही. लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' १९८७ साली आलं, १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. गायकवाड धनेगावचे. आज ते गाव लातूर जिल्ह्यात आहे, पण लातूर जिल्हा १९८२ मध्ये आपल्याच जिल्ह्यातून वेगळा निघाला. म्हणजे त्या पुस्तकातलं बालपण जुन्या उस्मानाबाद जिल्ह्यातलंच. त्यात पोलिसांची धाड दिसते ती घराच्या आतून. पोलीस येतात, घर उचकटतात, बायामाणसांना मारतात, आणि हे सगळं बघणारं एक पोर आहे. १८७१ च्या इंग्रजी कायद्यानं काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का कायद्यानं पुसला गेला. लोकांच्या मनातून पुसला गेला का? आपल्या जिल्ह्यातल्या पारधी वस्त्यांवर जाऊन विचारा. कुठं चोरी झाली की पहिली जीप कुठं वळते, हे तिथलं लेकरूही सांगेल. या घरांच्या आतून बघणारी एकही मोठी मालिका मला आठवत नाही. मालिकेत ही माणसं येतात ती 'टोळी' म्हणून, तीन मिनिटांसाठी.

आता कुणी म्हणेल, तू पोलिसांच्या विरोधात लिहितोयस. तसं नाही. या मालिका पोलिसांना तरी न्याय देतात का? आपल्याकडचा पोलीस बहुतेक वेळ काय करतो? तुळजापूरला नवरात्रात आणि पुन्हा कोजागिरीला दिवसदिवस बंदोबस्तात उभा राहतो. येरमाळ्याच्या यात्रेत गर्दी आवरतो. नळदुर्ग-उमरगा हायवेवर मध्यरात्री अपघाताचा पंचनामा करतो. समन्स घेऊन गावोगाव फिरतो, पोलीस पाटलाला फोन लावतो, बांधावरच्या भांडणात दोन्हीकडच्या शिव्या खातो. पोलीस पाटील, बीट अंमलदार, ठाणे अंमलदार, मुद्देमालाची खोली, पंच म्हणून सही करायला कुणी तयार नसणं, हे पडद्यावर जवळपास नाहीच. तिथं हवालदार असतो तो चहा आणायला, नाहीतर हसवायला. म्हणजे मालिकेची नजर आरोपीची नाही आणि हवालदाराचीही नाही. ती साहेबांची नजर आहे.

यानं बिघडतं काय? बिघडतं ते असं. पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. हा कायदा १८७२ चा आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही तो कायम आहे. कारण सरळ आहे, मारून काहीही वदवून घेता येतं. पण वीस वर्षं चापट आणि कबुली बघितलेल्या प्रेक्षकाला तीच तपासाची रीत वाटते. मग कोठडीत कुणाला मारल्याची बातमी आली की आपल्यातलाच एखादा म्हणतो, "त्याशिवाय बोलतात का हे?" डिसेंबर २०२४ मध्ये इथून जवळच, परभणीत, पोलिसांनी पकडलेल्या एका तरुणाचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. पोलिसांवर गुन्हा नोंदवा, असा आदेश उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला २०२५ मध्ये द्यावा लागला. तो आदेश येईपर्यंत आपण काय बोलत होतो, ते ज्यानं त्यानं आठवावं.

कॅमेरा आत गेला तर काय होतं, याचं एक उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. १९८२ मध्ये बीबीसीनं 'पोलीस' नावाचा माहितीपट दाखवला. रॉजर ग्रेफ यांनी टेम्स व्हॅली पोलिसांच्या ठाण्यात कॅमेरा ठेवला होता. नट नाहीत, सूत्रधाराचा उपदेश नाही. बलात्काराची तक्रार द्यायला आलेल्या बाईलाच तीन पुरुष अधिकारी खोटी ठरवू पाहतात, दरडावतात, एवढंच त्या एका भागात दिसलं. देशभर संताप उसळला आणि अशा तक्रारी घ्यायची पोलिसांची पद्धत बदलावी लागली.

आपल्याकडं कायद्यानं असा कॅमेरा आलेला आहे. २ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं परमवीर सिंग सैनी खटल्यात आदेश दिला, की देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही हवा. येण्याजाण्याची दारं, लॉकअप, व्हरांडा, निरीक्षकाची खोली, कुठलाच भाग सुटता कामा नये. चित्राबरोबर आवाजही हवा. फुटेज अठरा महिने ठेवायचं, ते शक्यच नसेल तिथं किमान एक वर्ष. ठाण्यात कॅमेरे आहेत असा फलक लोकांच्या भाषेत लावायचा. आणि हे सगळं चालतंय का ते बघायला जिल्हा पातळीवर समिती, ज्यात विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि ग्रामीण भागासाठी जिल्हा परिषदेचे प्रमुख. २०२५ मध्ये न्यायालयाला याच विषयाची स्वतःहून पुन्हा दखल घ्यावी लागली, यावरून देशभरातली अंमलबजावणी कशी आहे ते समजून घ्या.

हा छताचा कॅमेरा साहेबाच्या खांद्यावर बसत नाही. ठाण्यात अडकलेल्या गरिबाला तो जितका उपयोगी, तितकाच खोट्या आरोपात सापडलेल्या प्रामाणिक हवालदारालाही. म्हणून माझी सूचना साधी आहे. मालिका बघा, मीही बघतो. पण आपल्या तालुक्याच्या ठाण्यात तो फलक लागलाय का, कॅमेरे चालू आहेत का, फुटेज किती दिवस ठेवतात आणि जिल्ह्याची समिती शेवटची कधी बसली, हे चार प्रश्न माहिती अधिकारात विचारा. दहा रुपयांचा अर्ज आहे. आठही तालुक्यांतून एकेक अर्ज गेला, तरी आपल्या जिल्ह्याचं खरं चित्र समोर येईल.