फुगलेल्या पुंगळीचा मागोवा

पिस्तूल झाडले की गोळी निघून जाते आणि पितळेची पुंगळी मागे उरते. अमेरिकेत हौशी नेमबाज ती उचलून घरी नेतात, साफ करतात, पुन्हा भरतात. कित्येकदा अशा पुंगळीच्या बुडाजवळ, एकाच बाजूला, पोट सुटल्यासारखा फुगवटा दिसतो. तो ठोकून सरळ करावा की पुंगळी मोडीत घालावी, हा तिथला जुना वाद आहे. त्याचे उत्तर शोधायचे तर पुंगळी कशी घडत गेली ते पाहावे लागते.

1812 मध्ये पॅरिसमध्ये जाँ सॅम्युएल पॉली या स्विस बंदूककाराने दारू, गोळी आणि ठिणगीचा मसाला एकत्र असलेल्या काडतुसाचे पेटंट घेतले. त्यानंतरही फौजांच्या हाती कित्येक दशके कागदाचीच काडतुसे होती. 1857 साली हिंदुस्थानात ज्यांच्यावरून वणवा पेटला ती एन्फील्डची काडतुसेही कागदीच. मागून भरायच्या बंदुकीत कागद पुरेसा नव्हता, कारण दारू पेटताच वायू मागच्या फटीतून नेमबाजाच्या तोंडावर येई. पातळ धातूने हा प्रश्न सोडवला. दाबाखाली पुंगळी फुगते, चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीच्या, भिंतीला चिकटून फट बंद करते आणि दाब उतरताच किंचित आकसून सुटते. पुंगळीचे सगळे शास्त्र या फुगण्यात आणि सुटण्यात आहे.

पहिली धातूची पुंगळी जिथे रुळली ती वाट आपल्या कोल्हापूरपर्यंत येते. फ्रान्समध्ये फ्लोबेरने 1845 च्या सुमारास आणि अमेरिकेत स्मिथ अँड वेसनने 1857 मध्ये असे काडतूस आणले, ज्याच्या बुडाच्या दुमडलेल्या काठातच ठिणगीचा मसाला असतो. आजचे पॉइंट टू टू काडतूस त्याच वंशातले. कोल्हापूरच्याच राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवले आणि स्वप्नील कुसळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफलीत कांस्य, ते याच काडतुसावर. ही पुंगळी मात्र एकदाच वापरायची. काठ चेचला की तिचे आयुष्य संपते.

पुन्हा भरता येणारी पुंगळी 1866 च्या आसपास आली. इंग्लंडमध्ये कर्नल बॉक्सर आणि अमेरिकेत हायरम बर्डन या दोघांनी ठिणगीची टोपी बुडाच्या मध्यभागी बसवली. बॉक्सरच्या टोपीत तिची ऐरण आतच असते आणि पुंगळीला मधोमध एकच भोक, त्यामुळे आतून साधी दाभण घातली की जुनी टोपी बाहेर. बर्डनची ऐरण पुंगळीतच घडवलेली, भोके बाजूला दोन. तिथे दाभण चालत नाही. पुढे इंग्रजाची पद्धत अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची युरोपात. पुंगळ्या भरण्याचा छंद अमेरिकेत एवढा फोफावला, त्यामागे हे मधले एक भोक आहे, असे माझे ठाम मत आहे.

बॉक्सरची मूळ पुंगळी मात्र पितळी पत्रा गुंडाळून केलेली होती. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 मध्ये उभा राहिला, तेव्हा ब्रिटिश फौजेत तिचाच काळ होता. जानेवारी 1885 मध्ये सुदानमधील अबू क्लीच्या लढाईत या पुंगळ्या अडकून मार्टिनी-हेन्री बंदुका ऐन वेळी बंद पडल्या आणि इंग्लंडमध्ये गहजब झाला. त्यानंतर ब्रिटिश फौजेने अखंड ओढून काढलेली पितळी पुंगळी घेतली.

सत्तर भाग तांबे, तीस भाग जस्त, हे तिचे प्रमाण. पितळेची जाड चकती वाटीसारखी दाबतात आणि टप्प्याटप्प्याने लांब ओढतात. दर ओढीला पितळ कडक होते, म्हणून मधे मधे तापवून मऊ करावे लागते. पुण्याच्या तांबट आळीत ठोक्यांनी ताठरलेले भांडे पुन्हा भट्टीत घालतात, तसेच. शेवटी तोंड मऊ ठेवतात आणि बूड कडक, कारण सर्वांत मोठा दाब बुडाला सोसायचा असतो.

पितळेत साठलेला ताण किती घातक असतो, हे हिंदुस्थानातच दिसले. ब्रिटिश फौज पावसाळ्यात काडतुसे घोड्यांच्या पागांमध्ये ठेवी आणि कोरड्या दिवसांत बाहेर काढली की कित्येकांना भेगा पडलेल्या असत. कारण समजायला 1921 साल उजाडले. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी दाखवून दिले की घोड्यांच्या मुताचा अमोनिया आणि घडवताना पितळेत राहिलेला ताण, या दोहोंनी मिळून धातू फाटतो. नवी कोरी, डोळ्यांना निर्दोष दिसणारी पुंगळी आतून तुटायला आलेली असू शकते. फुगवट्याच्या वादात ही गोष्ट कुणी विसरू नये.

आता त्या फुगवट्याकडे येऊ. एप्रिल 1986 मध्ये मायामीतल्या चकमकीत एफबीआयचे दोन अधिकारी मारले गेले आणि अधिक भेदक पिस्तुलाचा शोध सुरू झाला. आधी दहा मिलिमीटरचे काडतूस निवडले, त्याचा धक्का जड गेला. मग तेच आखूड करून जानेवारी 1990 मध्ये पॉइंट फोर झिरो स्मिथ अँड वेसन बाजारात आले. त्याचा कमाल दाब चौरस इंचाला 35,000 पौंड. ग्लॉकने लगेच त्यासाठी पिस्तूल काढले. मॅगझिनमधले काडतूस सहज वर चढावे म्हणून चेंबरच्या खालच्या काठाला उतार द्यावा लागतो. सुरुवातीच्या ग्लॉकमध्ये हा उतार सढळ होता, म्हणजे तेवढ्या जागी पुंगळीला भिंतीचा आधार नव्हता. बुडाचा भरीव भाग संपून पातळ भिंत सुरू होते नेमकी तिथेच ती बाहेर फुगते.

पुंगळी भरणारा तिला साच्यात दाबून मूळ मापाला आणतो. पण बूड धरणारी खोबण साच्याच्या तोंडाशी अडते आणि फुगवटा असतो त्या शेवटच्या पट्टीपर्यंत साचा पोचतच नाही. यावर तोड म्हणून आरपार साचे निघाले. पॉइंट फोर झिरोच्या बुडाला बाहेर आलेला काठ नसल्याने सबंध पुंगळी कड्यातून पार ढकलता येते. माप जुळते, पिस्तुलात ती सुरळीत बसते, आणि भरणाऱ्याला वाटते काम झाले.

काम झालेले नसते. फुगताना ताणलेली भिंत आता उलट दाबली गेलेली असते, त्याच रेषेवर दोनदा वाकलेली. तापवून तो ताण काढावा, तर बुडाजवळची उष्णता बुडाचा कडकपणाच घालवते, आणि मऊ बूड हा सर्वांत मोठा धोका. पुढच्या वेळी तीच पुंगळी आधार नसलेल्या तशाच चेंबरमध्ये, त्याच जागी फुगवटा येईल अशी बसली, तर ती फाटून वायू खाली मॅगझिनमध्ये आणि हातावर येतो. किंचित फुगवटा चालतो असे म्हणणारे अनुभवी लोक आहेत आणि त्यांच्या हजारो फैरी सुखरूप गेल्याही असतील. पण ताण मोजायचे साधन त्यांच्या टेबलावर नसते.

भारतात शस्त्र कायदा, 1959 नुसार परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही. जिथे कायदा भरू देतो, तिथल्या वाचकाला एवढेच सांगणे: बुडाजवळ नखाला फुगवटा लागला की ती पुंगळी मोडीत घाला, आरपार साच्याच्या भरवशावर ठेवू नका.