तबकडीवर नसलेली नावे

मुंबईतील जॅझचा इतिहास आजवर बहुधा कुलाबा, फोर्ट आणि चर्चगेट या दक्षिणेकडील चिंचोळ्या पट्ट्याचा इतिहास म्हणून सांगितला गेला आहे, आणि ज्या हॉटेलांत व नृत्यदालनांत हे संगीत वाजत होते ती सारी त्याच पट्ट्यात असल्याने तसे होणे स्वाभाविकही होते. मात्र एखाद्या संगीताचा वारसा ते कोठे वाजले एवढ्यावरच ठरत नाही, ते कोठवर ऐकू गेले यावरही ठरतो. आणि या दुसऱ्या अंगाने पाहायचे झाल्यास ताजमहाल हॉटेलपेक्षा मुलुंडसारख्या उपनगराकडे लक्ष देणे अधिक फलदायी ठरते. ठाण्याच्या अलीकडचे हे स्थानक बोरीबंदरपासून लोहमार्गाने सुमारे ३० किलोमीटर दूर आहे, आणि १९५७ पर्यंत तर मुलुंड मुंबई महापालिकेच्या हद्दीतही नव्हते. येथील कारकुनाने किंवा कारखान्यातील कामगाराने ताजच्या नृत्यदालनात पाऊल ठेवावे हे त्या काळातील समाजाच्या रचनेत जवळजवळ अशक्य होते. तरीही त्या दालनातील वादकांचे वादन त्याच्या कानावर वर्षानुवर्षे पडत राहिले, फक्त ते कोणाचे आहे हे त्याला कोणी सांगितले नाही.

जॅझ हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी विसाव्या शतकाच्या आरंभी घडवलेले संगीत असून, लयीतील अनपेक्षित ठिकाणी पडणारे आघात आणि ठरलेल्या स्वरसंगतीच्या चौकटीत वादकाने आयत्या वेळी केलेला विस्तार ही त्याची दोन प्रमुख लक्षणे मानली जातात. १९३५ मध्ये व्हायोलिनवादक लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वाद्यवृंद ताजमध्ये दाखल झाला, त्यापाठोपाठ ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. स्वदेशात वर्णभेदाचे चटके सोसलेल्या या कलावंतांना वसाहतीच्या राजवटीतील मुंबईत मान आणि पैसा मिळावा, आणि ज्या शहरात तो मिळाला तेथील बहुसंख्य रहिवाशांना त्या दालनाचे दार बंद असावे, ही विसंगती कोणत्याही इतिहासकाराच्या नजरेतून सुटू नये. वेदरफर्ड पुढे कलकत्त्याला गेले आणि १९४५ मध्ये तेथेच पटकीने वारले.

या काळाचा पुरावा म्हणून ध्वनिमुद्रिकांकडे वळावे तर हाती फार थोडे लागते. मिनिटाला ७८ फेरे घेणारी तबकडी एका बाजूस जेमतेम सव्वातीन मिनिटे वाजत असे, त्यामुळे रात्री उशिरापर्यंत रंगणाऱ्या आणि आयत्या वेळी फुलणाऱ्या वादनाचे तिच्यावर उतरत असे ते केवळ एक छाटलेले रूप. क्रिकेट स्मिथ यांनी १९३६ मध्ये मुंबईत मुद्रित केलेली, ताजमहालाच्या नावाची फॉक्सट्रॉट (म्हणजे चार मात्रांच्या लयीवर जोडीने करावयाच्या नृत्याची धून) अशा मोजक्या अवशेषांपैकी एक होय. जगभरच्या तबकड्यांसाठी लागणारी लाख मुख्यतः भारतातून जात असताना भारतात वाजणाऱ्या जॅझच्या वाट्याला मात्र इतक्या थोड्या तबकड्या याव्यात, याचे कारण कलेत नव्हे, व्यापारात शोधावे लागते: विदेशी ग्राहकाला अमेरिकेतून आलेली मूळ मुद्रिका मिळत होती, आणि देशी ग्राहकाला नाट्यपद, भजन व चित्रपटगीत हवे होते.

अमेरिकन वादकांच्या शेजारी बसून, आणि पुढे त्यांच्या जागी बसून, ज्यांनी हे संगीत उचलले ते प्रामुख्याने गोमंतकीय ख्रिस्ती होते. पोर्तुगीज अमलात गोव्यातील चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचण्याचे आणि व्हायोलिन वाजवण्याचे शिक्षण मिळत असे. शेती तुटपुंजी आणि नोकऱ्या नाहीत अशा प्रदेशात हे शिक्षण म्हणजे परमुलखात पोट भरण्याचे साधनच होते. मुंबईत उतरलेला असा तरुण धोबीतलाव परिसरातील आपल्या गावच्या कुडीत, म्हणजे त्या त्या गावाने आपल्या माणसांसाठी चालवलेल्या सामायिक निवासात, राहत असे आणि तेथूनच त्याला हॉटेलांतील कामे मिळत. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध नाव. चिक चॉकलेट या नावाने ते ट्रंपेट वाजवीत आणि लुई आर्मस्ट्राँग यांच्या शैलीशी असलेल्या जवळिकीमुळे त्यांना भारताचा आर्मस्ट्राँग म्हटले जाई. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड आणि मोंबासात जन्मून कराचीत वाढलेले मिकी कोरिया हेही याच पिढीचे; कोरिया यांनी १९३९ पासून सुमारे दोन दशके ताजचा वाद्यवृंद सांभाळला. कावसजी खटाव या पारशी सॅक्सोफोनवादकाने रूडी कॉटन हे नाव घेतले होते. टोपणनावांची ही हौस वरवर गमतीची वाटली, तरी ग्राहकाला विदेशी वाटेल तेच विकले जाते या बाजाराच्या नियमाला दिलेले ते उत्तर होते.

स्वातंत्र्यानंतर गोरा ग्राहक गेला आणि १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने नृत्यदालनांचे उरलेसुरले अर्थकारणही खिळखिळे केले. वादकांना दुसरा आश्रय हवा होता आणि तो दादर, परळ, ताडदेवच्या ध्वनिमुद्रणगृहांत मिळाला. येथे एक नवी कामाची विभागणी उभी राहिली. संगीतकार पेटीवर चाल बसवी. ती स्वरलिपीत उतरवून, तिच्यासाठी वाद्यांचे पूरक तुकडे लिहून आणि कोणत्या वाद्याने केव्हा शिरावे हे ठरवून देणाऱ्या जाणकाराला अरेंजर म्हणत. शंकर-जयकिशन यांच्यासाठी सेबास्टियन डिसूझा यांनी केलेले काम इतके मोठे आहे की त्या जोडीच्या वाद्यवृंदाचे म्हणून जे वैभव वाखाणले जाते त्याचा बराचसा वाटा त्यांच्याकडे जातो, हे मान्य करण्यास हरकत नसावी.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या स्थित्यंतराचे सर्वांत बोलके उदाहरण सी. रामचंद्र यांचे आहे. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर विनायकबुवा पटवर्धनांकडे गाणे शिकलेले. त्यांनी चिक चॉकलेट यांना साहाय्यक म्हणून जवळ केले आणि भगवान पालव यांच्या ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटात अमेरिकन स्विंगची, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदाने झोके घेत वाजवण्याच्या शैलीची, मोकळी उधळण केली. चिक यांचा वाद्यवृंद या चित्रपटात पडद्यावरही दिसतो. भगवानदादांची ती लचकती पावले पुढे गणपतीच्या मिरवणुकीत आणि लग्नाच्या वरातीत रुजली, इतकी की नाचणाऱ्यांना त्यांचा उगम विचारण्याची गरज वाटेनाशी झाली. आणि तरीही तबकडीच्या मधोमध चिकटवलेल्या गोल कागदावर संगीतकार म्हणून ‘सी. रामचंद्र’ आणि गायक म्हणून ‘चितळकर’ अशी एकाच माणसाची दोन नावे छापली जात असताना, त्याच्या मागे वाजवणाऱ्या साऱ्या ताफ्याला मिळून एकही नाव मिळत नव्हते. हा केवळ दुर्लक्षाचा प्रकार नव्हता. मुद्रणाचा मोबदला एकरकमी असे, स्वामित्वधनाचा प्रश्न वादकापर्यंत पोहोचतच नसे, आणि ज्याचा हक्क नाही त्याचे नाव छापण्याचे कारण कंपनीला दिसत नव्हते. ‘महल’ (१९४९) मधील गाण्याच्या पहिल्या तबकड्यांवर खुद्द लता मंगेशकरांऐवजी पात्राचे ‘कामिनी’ हे नाव होते. गायिकेने ती लढाई पुढे जिंकली, वादकाला ती लढताच आली नाही.

मुलुंडच्या श्रोत्यापर्यंत जॅझ पोहोचला तो या निनावी रूपात. लग्नाच्या मांडवात आणि गणेशोत्सवात कर्ण्यावर लागणाऱ्या तबकड्या, इराण्याच्या हॉटेलातले संगीत आणि मुख्यतः रेडिओ हे त्याचे मार्ग होते. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते हद्दपार झाली, तेव्हा सारा देश रेडिओ सिलोनकडे वळला. एका मराठी मंत्र्याने शुद्ध संगीताच्या कळकळीपोटी अप्रत्यक्षपणे स्विंगचा प्रसार वाढवला, असे म्हटल्यास ते अगदीच थट्टेचे ठरणार नाही. लघुलहरींवर १९५५ पासून व्हॉइस ऑफ अमेरिकेचा विलिस कोनोव्हर यांचा जॅझ कार्यक्रमही ऐकू येत होता, पण त्यासाठी काटा कोठे थांबवायचा हे आधी माहीत असावे लागे. ज्या १९५७ साली मुलुंड मुंबईच्या हद्दीत आले त्याच वर्षी ‘आशा’ प्रदर्शित झाला आणि ‘ईना मीना डिका’ घराघरांत गेले. या गाण्यात पाश्चात्त्य रॉक अँड रोलचा आणि जॅझच्या पितळी वाद्यांचा मेळ आहे. उपनगरातील मुलांच्या पिढ्या ते केवळ निरर्थक शब्दांचे गमतीदार गाणे म्हणून म्हणत राहिल्या.

याच वर्षांत जगातील नामवंत जॅझ कलावंत प्रत्यक्ष मुंबईत येऊन गेले: १९५८ मध्ये डेव्ह ब्रूबेक, ज्यांनी येथे सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासह वादन केले, १९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टन आणि १९६४ मध्ये आर्मस्ट्राँग. यांतील ब्रूबेक आणि एलिंग्टन यांचे दौरे अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या शीतयुद्धकालीन सांस्कृतिक धोरणाचा भाग होते. पुढे निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये जॅझ यात्रा हा महोत्सव सुरू झाला आणि धोबीतलावच्या रंगभवनात सनी रोलिन्स यांच्यासारखे सॅक्सोफोनवादक उघड्या आकाशाखाली ऐकता आले. हॉटेलाच्या तुलनेत येथील दार खूपच रुंद होते, तरी मध्य रेल्वेवरील रसिकाला शेवटच्या गाडीचे वेळापत्रक मनात ठेवूनच आसनावर बसावे लागे.

नावासह उरलेल्या ध्वनिमुद्रिका आहेत त्या बहुतांशी कोंकणी. मडगावचे ट्रंपेटवादक ख्रिस पेरी आणि गायिका लोर्ना यांनी चर्चगेटच्या रात्रक्लबांत घडवलेली जोडी १९७० च्या सुमारास तबकड्यांवर आली, आणि तिच्यामुळे जॅझची स्वरसंगती एका भारतीय भाषेत उघडपणे स्वतःच्या नावाने वावरली. हिंदी चित्रपटसृष्टीत तसे झाले नाही, मराठीत तर त्याहून कमी. १९८० नंतर इलेक्ट्रॉनिक वाद्यांनी मोठ्या वाद्यवृंदाची गरजच संपवली आणि ज्यांना त्या तुकड्यांचे कर्ते तोंडी सांगता आले असते ते एकेक करून निवृत्त झाले.

त्यांचा माग काढण्याचे काम उशिरा सुरू झाले. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने तबकड्यांच्या क्रमांकांची व मुद्रणाची नोंद करण्याची शिस्त रुजवली; ग्रेगरी बूथ यांनी २००८ च्या आपल्या ग्रंथात वयोवृद्ध वादकांच्या मुलाखतींतून ध्वनिमुद्रणगृहातील व्यवहार उलगडला; नरेश फर्नांडिस यांच्या २०१२ च्या पुस्तकाने हॉटेलांतील जॅझचा कालखंड पुन्हा उभा केला. या साऱ्या परिश्रमापूर्वी मुलुंडमध्ये एकच गोमंतकीय वादक नावानिशी सर्वांना ठाऊक होता, आणि तोही वादक म्हणून नव्हे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक आणि अरेंजर. १९५८ मध्ये त्यांनी सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या आवारात भारतीय रागांवर आधारलेल्या सिंफनी वाद्यवृंदाचा कार्यक्रम केला, ज्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. त्यांचे शिष्य, संगीतकार प्यारेलाल यांना त्यांच्याविषयी वाटणाऱ्या आदरापोटी ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधील एका गाण्यात त्यांचे नाव आले, आणि ऐकणाऱ्यांनी ते अमिताभ बच्चन यांनी रंगवलेल्या पात्राचे नाव म्हणून पाठ केले.